लेमिंग, मेंढरं आणि आपण

लोकलमधून कोणी पडलं, पुलावर चेंगराचेंगरी झाली, एखाद्या जत्रेत माणसं तुडवली गेली, की बातमीखाली हल्ली एक शब्द हमखास येतो. लेमिंग. "पब्लिक लेमिंगसारखं झालंय." "लेमिंग्ज आहेत हे, कोण समजावणार?" थोडं इंग्रजी वाचणारे लेमिंग लिहितात, बाकीचे मेंढरं लिहितात. अर्थ एकच. एकामागे एक, डोकं न वापरता, स्वतःच्या पायाने मरायला जाणारे.

मी जांभूळचा. अंबरनाथ तालुक्यातलं जांभूळ. डोंबिवली-कल्याणच्या लोकांना आमचं गाव फळामुळे माहीत नाही, पाण्यामुळे माहीत आहे. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीच्या आमच्याकडच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पुढे शहरांना जातं. दुरुस्तीसाठी ते केंद्र बंद ठेवलं की पेपरात "जांभूळ" छापून येतं. म्हणजे आमच्या गावाच्या नावाचा शहरातला अर्थ, "उद्या पाणी नाही". नावाचं असंच असतं. ते कोण वापरतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. बातमीदारीत वीसेक वर्षं गेल्यावर नावांकडे जरा संशयाने बघायची सवय लागते. म्हणून या लेमिंगच्या मागे लागलो. जे हाती आलं ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी प्राणी कसला ते बघू. लेमिंग म्हणजे उंदराच्या नात्यातला, आखूड शेपटीचा, केसाळ, तळहातावर मावेल एवढा प्राणी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, कॅनडा, अलास्का अशा थंड भागात राहतो. गवत, शेवाळ, मुळं खातो. हिवाळ्यात झोपून राहत नाही. बर्फाच्या थराखाली बोगदे करतो, तिथेच खातो आणि तिथेच पिल्लं घालतो. घुबडं, कोल्हे, मुंगुसासारखे दिसणारे छोटे शिकारी यांचं पोट बऱ्याच अंशी त्याच्यावर चालतं. तीन ते पाच वर्षांनी त्यांची संख्या प्रचंड वाढते आणि मग एकदम कोसळते.

संख्या वाढली की खायला कमी पडतं, जागा कमी पडते. मग ते पांगतात. वाटेत ओढा येतो, तळं येतं. लेमिंगला पोहता येतं, म्हणून ते पाण्यात उतरतात. बरेच पार होतात. पाणी मोठं असेल, वारा असेल, तर काही बुडतात. बस्स. यात आत्महत्या कुठेच नाही. जगायला नवी जागा शोधताना काही मेले, एवढंच आहे.

मग ही आत्महत्येची गोष्ट आली कुठून?

माणसाला या प्राण्याचं कोडं फार जुनं. काल नव्हते, आज शेतभर आहेत, हे कसं? सोळाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी लिहून ठेवलं की हे प्राणी वादळी पावसात आभाळातून पडतात. पुढच्या शतकात ओले वर्म नावाच्या डॅनिश वैद्याने लेमिंग कापून तपासला आणि दाखवलं की आतली रचना इतर उंदरांसारखीच आहे. पण आभाळातून पडायचं त्यानेही पूर्ण सोडलं नाही, वारा त्यांना उचलून आणत असेल म्हणाला. हसू नका. पहिल्या पावसात शेतात मासे दिसले की मासे पावसातून पडले म्हणणारी माणसं आपल्याकडेही भेटतात.

आता नाव. इंग्रजीत हा शब्द नॉर्वेकडून आला. जुन्या नॉर्स भाषेत त्याला लोमुंड्र असा काहीसा शब्द होता. त्याच्या मुळाबद्दल दोन मतं सांगतात. एक मत असं की उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषेतून तो उचलला गेला. दुसरं मत असं की त्याचं मूळ "भुंकणे" या अर्थाच्या धातूत आहे, लॅटिनमध्येही भुंकण्याला त्याच घरातलं क्रियापद आहे. म्हणजे या दुसऱ्या मताने लेमिंग म्हणजे भुंकणारा.

हे वाचल्यावर मी थांबलो. कारण नॉर्वेचा लेमिंग खरोखर भुंकतो. उंदीर माणसाला बघून पळतो. हा पळत नाही. पाठ दगडाला लावतो, तोंड वर करतो आणि मोठ्याने ओरडतो, अंगावर येतो. कुत्रा असो, कोल्हा असो, बुटातला माणूस असो. अंगावर पिवळा, काळा, पांढरा असे भडक रंग, लपायची काही सोय नाही. स्वीडनच्या संशोधकांचं म्हणणं आहे की तो रंग आणि तो आरडाओरडा मिळून शिकाऱ्याला इशाराच असतो, की माझ्या वाट्याला जाशील तर चावेन.

तर वीतभरसुद्धा नसलेला, आपल्यापेक्षा शंभरपट मोठ्यावर ओरडणारा हा प्राणी. आणि जगभर त्याचं नाव कशासाठी वापरतात? तर मुकाट्याने मरायला जाणाऱ्यांसाठी.

असा उलटा अर्थ कसा चिकटला, त्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. समुद्रात उड्या टाकण्याच्या दंतकथा आधीपासून होत्या. पण ती प्रत्यक्ष "बघितली" जगाने १९५८ साली. डिस्ने कंपनीचा "व्हाइट वाइल्डरनेस" नावाचा माहितीपट आला. त्यात लेमिंगचा लोंढा कड्यावर येतो आणि खाली पाण्यात कोसळतो. लोकांनी डोळ्यांनी बघितलं, मग कोण शंका घेणार? त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. शाळाशाळांतून असे माहितीपट दाखवले गेले. पुढे १९९१ मध्ये याच नावाचा कॉम्प्युटर गेमही आला, त्यात लेमिंग ओळीने चालत जाऊन पडून मरतात आणि खेळणाऱ्याने त्यांना वाचवायचं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी हा शब्द तिथे पहिल्यांदा ऐकला.

१९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी टीव्हीच्या पत्रकारांनी त्या दृश्याचा माग काढला. ते चित्रीकरण झालं होतं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात. चित्रीकरणाची ती जागा लेमिंगच्या राहण्याची नव्हतीच. आजूबाजूला समुद्रही नाही. मॅनिटोबा प्रांतातल्या इनुइट मुलांकडून लेमिंग विकत आणले होते. बर्फाने झाकलेल्या फिरत्या चकतीवर त्यांना पळवून, वेगवेगळ्या बाजूंनी चित्र घेऊन, मूठभर प्राण्यांचा लोंढा दाखवला. आणि शेवटी त्यांना नदीकाठच्या कड्यावर नेऊन खाली ढकललं.

पुन्हा वाचा. ढकललं.

म्हणजे ज्यांना ढकलून मारलं, तेच प्राणी पुढची साठ वर्षं स्वतःहून मरणाऱ्यांचं उदाहरण म्हणून वापरले गेले. कॅमेरा धरणारे हात चौकटीबाहेर होते. चौकटीत फक्त पडणारे होते. बघणाऱ्याने चौकटीतल्यांनाच दोष दिला. यापेक्षा सरळ फसवणूक बातमीच्या धंद्यात मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

प्राण्याचं नाव ठेवताना माणूस आपली बाजूच लिहितो, हे आपल्या भाषेतही आहे. "मूषक" हा शब्द संस्कृतातल्या "मुष्" धातूवरून आला, त्याचा अर्थ चोरणे. उंदराच्या बाजूने बघितलं तर तो दाणा खातो एवढंच. कणगी आपली, म्हणून तो चोर. घूस घ्या. इंग्रजीत तिला बँडिकूट म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या "पंदिकोक्कु"वरून गेला, म्हणजे डुक्कर-उंदीर. ना ती डुक्कर, ना तिचा डुकराशी संबंध. बघणाऱ्याला तशी दिसली, नाव पडलं.

आणि मेंढरं. दिवाळीनंतर भातकापणी झाली की घाटावरून धनगर मेंढ्या घेऊन आमच्या पट्ट्यात उतरतात. रिकाम्या शेतात कळप बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढ्यांना चारा. पाऊस यायच्या आत परत जातात. तो कळप मुका आणि मूर्ख म्हणून घाट उतरतो का? वर चारा संपलेला असतो म्हणून उतरतो. पुढे धनगर असतो, मागे कुत्रा असतो. पण आपण म्हण करताना धनगर आणि कुत्रा दोघांनाही वगळलं, फक्त मेंढरं ठेवली.

जनावरांचा लोंढा खऱ्या अर्थाने बघायचा तर जांभूळच्या लोकांना नॉर्वेला जायची गरज नाही. आमच्याकडे वलगण असते. जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओहोळ भरून वाहायला लागले, की उल्हास नदीतले, बारवीतले मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात. ओढ्यात, तिथून भातखाचरात. अंडी घालायला शांत, उथळ पाणी पाहिजे म्हणून. कोकणात खाली त्यांना चढणीचे मासे म्हणतात. आख्खं गाव रात्री बॅटऱ्या घेऊन उतरतं. कोणी पाग टाकतो, कोणी जुन्या साडीची झोळी धरतो, पोरं हातानेच पकडतात. पोटात अंडी असलेले मासे पिशव्या भरभरून घरी येतात.

आजपर्यंत गावात एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलं नाही की मासे आत्महत्या करायला वर आले. सगळ्यांना माहीत असतं की ते पिल्लांसाठी आले आणि मेले ते आपण वाटेत उभे होतो म्हणून. कारण इथे झोळी धरणारे आपणच असतो, आपले हात आपल्याला दिसतात.

आता माणसांकडे येतो.

बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत साधारण ९८ हजार होती. २०११ मध्ये १ लाख ७४ हजार झाली. त्यानंतरची जनगणना झालेली नाही, पण स्टेशनवर सकाळी उभं राहिलं की आकडा कोणी सांगायला लागत नाही. ही माणसं आली कुठून? काही गावाकडून आली, काही देशभरातून आली. पण मोठा भाग मुंबईतून आला. लालबाग, परळ, वरळी, भायखळा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप फिसकटला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चाळीतली खोली पुरेना, मुंबईत दुसरी परवडेना. कुटुंबं आधी डोंबिवली-कल्याणला सरकली, मग अंबरनाथ, मग बदलापूर, आता वांगणी, नेरळ. जिथे खोलीचा हप्ता पगारात बसतो तिथे माणूस जातो. लेमिंग जसा गवताच्या मागे जातो तसा. दोघांतलं साम्य शोधायचंच असेल तर ते इथे आहे, कड्यावर नाही.

आणि गिरण्यांच्या जागी काय झालं? ज्युपिटर मिल, एल्फिन्स्टन मिलच्या जमिनीवर काचेचे टॉवर उभे राहिले, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आली. नोकऱ्या तिथेच राहिल्या, फक्त प्रकार बदलला. तेव्हा गिरणी कामगाराची मुलगी आता रोज सकाळी बदलापूरहून ६०-६५ किलोमीटर प्रवास करून आजोबांच्या गिरणीच्या जागेवरच्या ऑफिसात हजेरी लावायला जाते. कल्याणच्या अलीकडे मुंबईकडे चार-सहा रूळ आहेत. कल्याणच्या पुढे आमच्या बाजूला दोनच, त्यावरून लोकलही जायची आणि पुण्याच्या एक्स्प्रेसही. तिसऱ्या-चौथ्या मार्गाला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, काम चाललंय, चाललंय, चाललंय.

रेल्वेच्या कागदात गर्दीला एक शब्द आहे, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. घरी जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा आणि त्यात चौदा जण उभे करून बघा. मग सांगा की दाराला लटकणारा हौसेने लटकतो की आत जागा नसते म्हणून.

२९ सप्टेंबर २०१७. शुक्रवार, सकाळची वेळ, जोराचा पाऊस. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणारा अरुंद पूल. पाऊस म्हणून लोक जिन्यावरच थांबले, मागून गाड्यांची माणसं येतच राहिली. २३ जण मेले. तेव्हा बातम्यांत एक गोष्ट आली होती. कोणीतरी "फूल गिरा" म्हणालं, ते पुढच्याला "पूल गिरा" ऐकू आलं आणि लोक घाबरले. फुलबाजार जवळच, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी. आणि ती गोष्ट सगळीकडे फिरली. का फिरली? कारण तिच्यात दोष गर्दीच्या कानाला लागतो. एका अक्षरावर पळत सुटणारे लोक, म्हणजे लेमिंगच की.

पण त्या पुलाची रुंदी कोणाच्या कानावर अवलंबून नव्हती. गिरण्या जाऊन टॉवर आले, उतरणारी माणसं कित्येक पटीने वाढली, पूल तेवढाच राहिला. नव्या पुलाची मागणी आधीपासून होती, मंजुरीही झालेली होती. अपघातानंतर लष्कराला बोलावलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आमच्या कल्याणपलीकडचं आंबिवली, असे तीन पूल सुरू झाले. पाच महिन्यांत. म्हणजे करता येत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये स्टेशनचं नाव बदलून प्रभादेवी झालं. चांगलं नाव आहे, तक्रार नाही. फक्त नाव बदलल्यावर जुनी गोष्ट शोधायला जास्त कष्ट पडतात, हे बातमीदार म्हणून सांगतो.

त्याआधी २५ जानेवारी २००५ ला साताऱ्याच्या वाई तालुक्यात मांढरदेवीला २९० हून जास्त माणसं गेली. तेव्हाही "अंधश्रद्धाळू मेंढरं" हा शब्द ढिगाने वापरला गेला. श्रद्धेबद्दल वाद घाला, जरूर घाला. पण तिथली वाट एकच आणि अरुंद होती, पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या होत्या, दुकानं वाटेला लागून होती आणि त्यांना आग लागली. न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला तो या सगळ्याची चौकशी करायला. पायरी निसरडी असली की नास्तिकाचा पायही घसरतो.

९ जून २०२५, सोमवार, सकाळ. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या, दाराला लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. किमान चौघे मेले. त्यातली एक गाडी कर्जतची होती, आमची. त्याच दिवशी लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायची घोषणा झाली. कमेंटमध्ये तेच, "लटकायची हौस". दरवाजा बंद करायला आधी आतल्यांना आत मावायला पाहिजे, एवढं साधं गणित विचारणारे कमी होते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. रूळ ओलांडताना जास्त, गाडीतून पडून त्याखालोखाल. दिवसाला सरासरी सात. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात यावर सुनावणी झाली, तेव्हा मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने म्हटलं की प्रवाशांना जनावरांसारखं नेलं जातं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. जनावर हा शब्द इथेही आहे. पण वाक्य नीट बघा. प्रवासी जनावरांसारखे वागतात, असं न्यायालय म्हणालं नाही. त्यांना तसं नेलं जातं, असं म्हणालं. एका क्रियापदाचा फरक आहे. त्या एका क्रियापदात नेणारा चौकटीत येतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल गर्दीचं कौतुक चाललंय. गर्दी चुकत नाही असं नाही. धावती गाडी पकडणारा चुकतोच, स्टंट करणारी पोरं चुकतातच, पूल असताना रूळ ओलांडणारा चुकतोच. त्यांना बोला. पण रोज सात माणसं, वर्षानुवर्षं, तेवढीच चुकत असतील तर ती चूक माणसाच्या स्वभावात शोधायची की त्याच्या रस्त्यात? एक खड्डा, एक पडला, तर तो बघून चालला नाही. एक खड्डा, रोज सात पडतात, तर खड्ड्याबद्दल बोलायला पाहिजे.

आणि हीच माणसं उलटून भुंकली तेव्हा काय झालं, तेही आम्ही बघितलंय. २० ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, पालकांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास थांबावं लागलं, हे कळल्यावर बदलापूरकर रुळांवर उतरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नऊ-दहा तास लोकल बंद. त्यात रोजच्या सकाळच्या गाडीच्या बायका होत्या, शाळेत मुलं सोडणारे बाप होते. फाशीच्या घोषणा झाल्या, दगडही आले, लाठीमारही झाला. त्यातलं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर विशेष तपास पथक नेमलं गेलं, पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

त्या दिवशी या गर्दीला काय नाव मिळालं? मेंढरं नाही, लेमिंग नाही. तेव्हा मोठ्या पदांवरच्या लोकांकडून ऐकायला मिळालं की ही बाहेरून आणलेली माणसं आहेत. गाडीतून मुकाट पडतात तेव्हा ती आपली, मूर्ख. ओरडतात तेव्हा ती बाहेरची, भाडोत्री. दोन्ही नावांत एक गोष्ट समान आहे. त्यांना स्वतःचं डोकं आहे हे कुठल्याच नावात मान्य नाही.

बदलापूरच्या नावाचंही तेच झालं. इथे जुन्या वाटेवर घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. २०१५ मध्ये त्या नावाचा हिंदी सिनेमा आला आणि बाहेरच्यांसाठी बदलापूर म्हणजे सूड झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा मुंबईत "बदला पुरा" असे फलक लागले. लोक रुळांवर उतरले होते तक्रार वेळेवर का घेतली नाही हे विचारायला. त्यांना परत मिळाली एक कोटी, त्यांच्याच गावाच्या नावावर. एक सिनेमा लेमिंगचा अर्थ बदलून गेला, एक आमच्या गावाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. लेमिंग हा शब्द वापरू नका असं मी सांगणार नाही, शब्दांवर बंदी घालायची मला सवय नाही. वापरायचाच तर पूर्ण अर्थाने वापरा. लेमिंग म्हणजे ज्याला जागा आणि अन्न पुरलं नाही म्हणून घर सोडावं लागलं तो. ज्याला कड्यावर नेऊन ढकललं आणि वर आत्महत्या केली म्हणून सांगितलं तो. आणि नावाचं ते दुसरं मूळ मानलं तर, जो पाठ दगडाला लावून मोठ्यावर भुंकतो तो. या तिन्ही अर्थांनी सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये लेमिंग आहेत, मला मान्य आहे.

पुढच्या अपघाताची बातमी येईल. येऊ नये, पण रुळांची आणि पुलांची स्थिती बघता येईल. तेव्हा कमेंट टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. तिथे जागा किती होती? ती वाढवायची जबाबदारी कोणाची होती? मागणी कधीपासून होती? ही उत्तरं बहुतेक वेळा जुन्या बातम्यांत, माहिती अधिकाराच्या कागदांत, प्रवासी संघटनांच्या निवेदनांत पडलेली असतात. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्याला जमेल त्याने ती उत्तरं कमेंटमध्ये टाकावीत. आमच्यासारख्या छोट्या गावच्या बातमीदारांनाही त्यातून बातमी मिळते, आणि ज्यांनी उत्तर द्यायचं असतं त्यांना चौकटीबाहेर उभं राहता येत नाही.